दाबा, फिरवा आणि नातवाला हाक मारा

शौचालयाच्या अनुदानाचे १२,००० रुपये सरकारनं दिले, पण ते धुवायच्या बाटलीचं झाकण कसं उघडायचं हे एकाही ग्रामसभेत कुणी सांगितलं नाही. वाकड्या मानेची बाटली असते ना, तिचंच म्हणते आहे मी. झाकणाच्या दोन बाजूंना खरखरीत चट्टे असतात. तिथं चिमटीत दाबायचं आणि दाब न सोडता फिरवायचं. दाब जरा सुटला की आतली खुंटी अडते आणि झाकण जागच्या जागी डुगडुगत राहतं. याची सूचना झाकणावर आहे, नाही असं नाही. इंग्रजीत आहे, उठावाच्या अक्षरांत, पांढऱ्यावर पांढरी. अक्षरांच्या खाचांत पुरेसा मळ बसला की वाचता येते.

आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे, पंचाहत्तरीचे. या माणसानं गोऱ्ह्यांना वेसणी घातल्यात, विहिरीतली मोटार दोराला धरून वर काढली आहे. कपाशी वेचून आणि डवऱ्याच्या मुठी धरून त्यांच्या अंगठ्याला अशी गाठ आली आहे की काटा रुतला तरी कळत नाही. त्या अंगठ्याखाली चट्टा सापडेना. आधी बाटली गुडघ्यांत धरून झाली. मग दुपट्ट्यात धरून. मग राहिलेल्या दातांपैकी भरवशाचे होते ते लावून पाहिले, तेव्हा आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, चुलीपासून ओरडल्या, "तोंडात कायले घालता ते? संडासाचं हाय ना!" मामाजींनी बाटली खाली ठेवली आणि विचारलं, "हे झाकण हाय का तहसीलदाराची सही? कोनाच्या हातानं होते हे?"

झालं कोणाच्या हातानं, तर अंगणवाडीत जाणाऱ्या आमच्या चिरंजीवांच्या. तो बाजूला उकिडवा बसून तमाशा पाहत होता. "दाबा न आबाजी, अस्सं," म्हणाला, आणि ते इवलेसे दोन अंगठे बरोब्बर चट्ट्यांवर बसले. झाकण आलं हातात. मी बाटली हिसकावून घेतली. मामाजींनी मात्र नातवाच्या पाठीवर थाप मारली आणि तेव्हापासून घरातलं कुठलंही झाकण अडलं की ओसरीवरून त्याच्याच नावानं हाक ऐकू यायला लागली.

दसऱ्याला पुतण्या आला. तो अमरावतीला बी. फार्म. करतो, त्यामुळे घरात कुणाचंही डोकं दुखलं की त्याला रक्तदाबावर बोलावं लागतं. त्याच्यासमोर हा झाकणाचा खटला मांडला, तर तो हसायलाच लागला. बंगईवर बसून त्यानं सांगितलं ते असं. दाबून फिरवायचं झाकण कॅनडातल्या विंडसर शहरातल्या डॉ. हेन्री ब्रो नावाच्या बालरोगतज्ज्ञानं १९६७ साली आणलं. विष पोटात गेलेली लेकरं तपासून तपासून तो माणूस वैतागला होता. पुढं १९७० साली अमेरिकेनं कायदा केला: औषधं, घासलेट, नाल्या साफ करायचे क्षार, असल्या वस्तूंची झाकणं पोरांना उघडता येऊ नयेत. आता ते झाकण पोरांना उघडत नाही हे ठरवायचं कुणी? तर पोरांनीच.

साडेतीन ते सव्वाचार वर्षांची, नेमकं सांगायचं तर ४२ ते ५१ महिन्यांची मुलं जोडीजोडीनं बसवतात. हातात बाटली देतात आणि म्हणतात, उघडा. पाच मिनिटं. नाही उघडली तर मोठं माणूस एकदा उघडून दाखवतं, दात लावले तरी चालतील हेही सांगतं, आणि पुन्हा पाच मिनिटं. पहिल्या पाच मिनिटांत शंभरातल्या ८५ मुलांना आणि दोन्ही मिळून ८० मुलांना जमलं नाही, तर झाकण पास.

मामाजींनी लगेच हिशेब केला. "म्हंजे शंभरातल्या वीस पोट्ट्यांनी उघडलं तरी पास? आपला त्या विसातला हाय." त्यांच्या आवाजात नातू तालुक्यात पहिला आल्याची ऐट होती. दातांची परवानगी मात्र त्यांना फार लागली. तिथं सरकार पोरांना स्वतःहून दात लावा म्हणतं, आणि इथं त्यांना आत्याबाई लावू देत नाहीत.

पुतण्यानं पुढं जे सांगितलं त्यानं तर मामाजी बंगईवरून उठलेच. झाकण पोरांना उघडू नये, पण म्हाताऱ्यांना उघडलं पाहिजे, असाही नियम तिथं आहे. आधी ही परीक्षा १८ ते ४५ वयाच्या लोकांवर घ्यायचे. १९९५ साली नियम बदलला आणि ५० ते ७० वयाची माणसं बसवली. आधी पाच मिनिटं, मग एका मिनिटात उघडून बंद. शंभरात नव्वदांना जमलं पाहिजे.

"सत्तरपर्यंतच?" मामाजी म्हणाले. "अन् मंग आम्ही?"

पुतण्या गप्प. पंचाहत्तरीच्या माणसाचा विचार अमेरिकेनंही केलेला नाही म्हटल्यावर मामाजींचा निम्मा राग शांत झाला; दोष आता अंगठ्याचा राहिला नाही. तिथं म्हणे म्हातारं माणूस दुकानदाराला सांगून गोळ्यांची डबी साध्या झाकणाची मागून घेऊ शकतं. "मंग मले तशीच बाटली आना," म्हणून मामाजी हटून बसले. दारव्ह्याच्या बाजारात अशी मागणी करून पाहायची हिंमत यांच्यात नव्हती. यांच्यात म्हणजे माझ्या नवऱ्यात. मामाजींसमोर ते मान हलवतात आणि नंतर विसरतात, हीच त्यांची घर चालवायची पद्धत.

वाट पाहून मामाजींनी आपला मार्ग काढला. नातवाकडून झाकण काढून घेतलं आणि सगळा निळा द्रव थंड्याच्या रिकाम्या बाटलीत ओतून ठेवला. साधं बूच, एका बोटानं उघडणारं. ती बाटली न्हाणीच्या कोनाड्यात, पोराच्या खांद्याच्या उंचीवर. मला दिसली तेव्हा माझे पायच गळाले. एवढा तो डॉक्टर, एवढा तो कायदा, एवढी ती पोरं दात लावून बसलेली. आणि झाकणानं अडवलं कुणाला तर म्हाताऱ्याला, अन् म्हाताऱ्यानं विष नेऊन ठेवलं सरबताच्या बाटलीत. खुंटी कितीही पक्की असो, ओतणाऱ्या हाताला ती अडवत नाही. आमच्या गावात घासलेटही असंच राहायचं, रेशनचं निळं, पाण्याच्याच बाटल्यांत.

मी बोलायला तोंड उघडलं, त्याआधी आत्याबाईंनी उघडलं. ते इथं लिहिण्यासारखं नाही.

फवारणीच्या बाटल्यांची मात्र आम्ही थट्टा करत नाही. २०१७ च्या हंगामात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं विसाच्या वर माणसं गेली. त्यातली काही घरं आमच्या ओळखीची आहेत. त्या बाटलीवर कोपऱ्यावर उभा केलेला चौकोन असतो, खालच्या अर्ध्या भागात रंग. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. लाल-पिवळ्यावर 'विष' असं लिहिलेलं असतं, लालवर कवटीसुद्धा. सोबत घडी घातलेला कागद मिळतो. उलगडला तर ताटाएवढा, त्यात पाचसहा भाषा, आणि आपली भाषा शोधेपर्यंत चष्म्याचा नंबर वाढतो. मामाजींनी त्यातून स्वतःचा सिद्धांत काढला होता: "हिरवं असलं म्हंजे काई होत नाई." पुतण्यानं त्यांना बसवून समजावलं की हिरव्यानं मरायला फक्त जास्त लागतं. मामाजींना हे पटलं, कारण ते वजनात सांगितलं होतं.

थंड्याची बाटली उकिरड्यावर गेली आणि आत्याबाईंनी कारभार हातात घेतला. त्यांच्या लग्नातली लोखंडी पेटी रिकामी झाली. फवारणीचं सामान यांनी शेतातल्या खोलीत हलवलं. घरातलं फिनाईल, उंदराचं औषध, माझ्या लोहाच्या गोळ्या आणि ती वाकड्या मानेची बाटली पेटीत गेली. पेटीला कुलूप, किल्ली आत्याबाईंच्या कमरेला. पोरगं पेटीपाशी दोन दिवस घुटमळलं, कुलपाला दाबून पाहिलं, फिरवून पाहिलं, आणि नाद सोडून गोठ्यात गेलं.

आता संडास धुवायचा म्हणजे मला आत्याबाईंपुढे उभं राहावं लागतं. "परवाच तं धुतला," त्या म्हणतात, आणि कंबर मुठीत घट्ट धरून तांदूळ निवडत राहतात. भाऊबीजेला नणंदा येणार म्हणून मी बाटली मागितली, तर त्यांनी सूप खाली ठेवलं आणि विचारलं, "किती जनी येऊन राह्यल्या? मुक्कामी का जाऊन-येऊन?" मग बोटांवर मोजलं, पेटी उघडली, आणि माणशी हिशेबानं दोन झाकणं भरून दिली.