जूनमध्ये हिमालयात जाताय? स्पाइक्स सॅकमध्ये टाकाच

काल अंजनेरी उतरताना ग्रुपमधल्या एका मुलीनं विचारलं, "काका, जूनमध्ये हिमाचलातल्या हमता पासला बर्फाचं सामान कशाला? सॅक आधीच अकरा किलोची झालीय." प्रश्न रास्त आहे. नाशकात पारा चाळिशीला टेकलेला असताना स्पाइक्स, म्हणजे बर्फावर चालायला बुटांवर चढवायच्या दातेरी साखळ्या, भरायला मन तयार होत नाही. खाली टपरीवर चहा घेताना तिला जे सांगितलं, तेच सविस्तर लिहितोय, कारण नाशिकरोडहून दिल्लीची गाडी पकडणारे या दिवसांत बरेच आहेत.

पाच वर्षांपूर्वी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही हमताला गेलो होतो. नेणारे म्हणाले, "बर्फ उरलेला नाही, स्पाइक्स लागणार नाहीत." मीही ते मान्य केलं. पासच्या अलीकडच्या बालू का घेरा या मुक्कामापर्यंत खरंच काही लागलं नाही. ४२७० मीटरवरचा पास सकाळी नऊच्या सुमारास गाठला, फोटो काढले आणि पलीकडच्या शिया गोरू मुक्कामाकडे उतरायला लागलो. तो उतार अजून सावलीत होता. बुटाची टाच मारली की फरशीवर मारल्यासारखा टक्क आवाज यायचा आणि नुसता पांढरा ओरखडा उठायचा. माझी मेहुणी चार पावलं पुढे होती. तिचा डावा पाय सटकला, हातातली काठी सुटली आणि ती बसल्या जागी घसरत निघाली. चाळीस-पन्नास फुटांवर उतार सपाट होत होता, म्हणून थांबली. लोकरीचे हातमोजे फाटून दोन्ही तळवे सोलवटले होते. तिथे खाली खडक असते तर काय झालं असतं, हा विचार आजही माझी झोप उडवतो.

आपण सह्याद्रीतली माणसं. हरिहरच्या खड्या पायऱ्या चढताना हात घालायला खोबणी असतात. टणक बर्फाच्या उतारावर धरायला काहीच नसतं.

आणि ऊन कडक आहे म्हणून बर्फाची भीती नाही, हा हिशेब चुकतो. हिवाळ्यात पश्चिमी विक्षोभांमुळे, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या वादळी हवेमुळे, साचलेला बर्फ उत्तरेकडच्या उतारांवर आणि घळींत जूनपर्यंत टिकतो. दुपारच्या उन्हानं वरचा थर वितळतो आणि रात्री तेच पाणी गोठून काच होते. म्हणजे दिवसा ऊन चांगलं तापलं आणि रात्र निरभ्र गेली, की पहाटेचा बर्फ हमखास निसरडा. पास ओलांडायचा तो सकाळीच, कारण दुपारी बर्फात मांडीपर्यंत पाय रुततो आणि हवाही बिघडते.

म्हणून माझं मत असं, की महिना कोणता हे बघून ठरवू नका. सकाळच्या वेळी खडा, सावलीतला उतार वाटेत आहे का, आणि पाय सटकला तर खाली काय आहे, एवढंच विचारा. मागच्या वर्षीचे फोटो धरून चालू नका, प्रत्येक वर्षाचा बर्फ वेगळा. सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं फुकट बघता येतात, साधारण दर पाच दिवसांनी नवीन. ढग नसलेलं ताजं चित्र शोधा. शंका राहिली, तर स्पाइक्स न्या. जोडीचं वजन अर्धा किलोही नसतं.

पण दुकानातलं सगळंच उचलू नका. क्रॅम्पॉनला, म्हणजे लांब दातांच्या लोखंडी सांगाड्याला, कडक तळव्याचे बूट लागतात, आपल्या नेहमीच्या ट्रेकिंग बुटांवर ते नीट बसत नाहीत. आइस अ‍ॅक्सनं (बर्फात रोवायच्या कुऱ्हाडीनं) घसरण थांबवणं शिकावं लागतं. उत्तरकाशीच्या नेहरू पर्वतारोहण संस्थेत कोर्स केलेल्यांनी ती जरूर न्यावी, बाकीच्यांच्या हातात ते एक टोकदार हत्यार होतं. स्पाइक्स, बुटात बर्फ शिरू नये म्हणून गुडघ्याखाली बांधायचे गेटर्स आणि चांगला काळा चष्मा एवढं पुरे. चष्म्यात काटकसर नको. बर्फावरून परतलेल्या उन्हानं डोळे असे सुजतात, की दुसऱ्या दिवशी उघडत नाहीत.

आणि स्पाइक्स घेतले तर इथेच घालून बघा. रबराचा पट्टा टाचेवर ओढायला जोर लागतो, गारठलेल्या बोटांनी तर दुप्पट. साखळी बुटाखाली मधोमध यायला हवी. खडक लागला की काढायचे, ओल्या बर्फाचे गोळे चिकटले की झाडायचे.

माझ्याकडे मीडियम मापाची एक जास्तीची जोडी आहे. ती त्या मुलीला देतोय. बाकी कुणाला घालून बघायची असेल, तर रविवारी साडेसहाला पांडवलेणीच्या पायथ्याशी या. येताना बूट तेच घाला, जे वर नेणार आहात.