‘समाजसेवेला पदवी नव्हे, मन लागते’ : एका संदेशाचा प्रतिवाद

“समाजसेवेला पदवी नव्हे, मन लागते. पगार घेतो तो नोकर, सेवक नव्हे. आणि काम तरी काय, गरजूंना मदत वाटायची! जेन ॲडम्स कोणत्या कॉलेजात समाजकार्य शिकल्या होत्या?” असा एक संदेश समाजमाध्यमांवर फिरतो आहे. (जेन ॲडम्स म्हणजे अमेरिकेतील समाजकार्याच्या एक आद्य प्रवर्तक.) त्यातील विधानांच्या मुळाशी समाजसेवा आणि समाजकार्य यांची सरमिसळ आहे. समाजसेवा कोणीही करावी, तिला कोणाची परवानगी लागत नाही. समाजकार्य मात्र व्यवसाय आहे, आणि व्यवसाय म्हटला की चूक झाल्यास जाब विचारण्याची सोय त्यात असावी लागते.

पहिले विधान अर्धे खरे आहे. मन लागतेच, पण नुसत्या मनाच्या भरवशावर काम करण्याचा प्रयोग पूर्वीच होऊन गेला आहे. १८६९ मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेली चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटी आणि तिच्या धर्तीवर अमेरिकेत निघालेल्या संस्था यांच्या स्वयंसेविका गरिबांच्या घरी नियमित जात. सद्भावनेची वाण नव्हती, तरीही मदतीस ‘पात्र’ कोण आणि ‘अपात्र’ कोण हे बऱ्याचदा भेट देणारीच्या नैतिक कल्पनांवरून ठरत असे. अशाच संस्थेत काम केलेल्या मेरी रिचमंड यांनी १८९७ मध्ये प्रशिक्षण शाळेची मागणी मांडली. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये सहा आठवड्यांचा उन्हाळी वर्ग भरला, १८९९ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये शिक्षणसंस्था निघाली आणि १९३६ मध्ये मुंबईत. शिक्षणाची निकड प्रथम जाणवली ती प्रत्यक्ष काम करणाऱ्यांनाच.

निकड का जाणवते, हे एका प्रसंगावरून पाहता येईल. नवऱ्याकडून मारहाण होणारी स्त्री मदत मागते. मनाने चांगला शेजारी काय करतो? नवऱ्याला गाठून समजावतो, दोघांना समोरासमोर बसवतो आणि समेट घडवून आणल्याच्या समाधानात घरी जातो. दार बंद झाल्यावर, बाहेर वाच्यता केल्याची शिक्षा त्या स्त्रीला भोगावी लागते. प्रशिक्षित समाजकार्यकर्ती तिच्याशी एकटीशी बोलते. पूर्वी गळा दाबला गेला होता का, घरात शस्त्र आहे का, मुले कुठे असतात, हे विचारून ती धोक्याचा अंदाज घेते. घर सोडण्याचा काळ अनेकदा सर्वांत धोक्याचा असतो, हे तिला ठाऊक असते. म्हणून ती कागदपत्रे, थोडे पैसे आणि जाण्याचे ठिकाण आधी निश्चित करते. आणि राहायचे की निघायचे, हा निर्णय त्या स्त्रीवरच सोपवते. या शेवटच्या गोष्टीला आत्मनिर्णयाचे तत्त्व म्हणतात, आणि भल्या माणसाला तेच पाळणे सर्वांत जड जाते. क्षेत्रकार्य, केसच्या लेखी नोंदी, अनुभवी व्यक्तीचे पर्यवेक्षण हा सारा खटाटोप त्यासाठीच असतो. पदवी घेऊनही कोरडे राहिलेले लोक असतात, हे मी नाकारत नाही. पण अशांविरुद्ध बोट ठेवायला निदान आचारसंहिता असते.

या संदेशाला खरे तर अधिक वजनदार साक्षीदार मिळाला असता. वैद्यकीय शिक्षणाच्या पाहणीमुळे ख्यातनाम झालेले अब्राहम फ्लेक्सनर यांनी १९१५ मध्ये बाल्टिमोर येथील भाषणात समाजकार्य अद्याप व्यवसाय ठरत नाही, असे म्हटले होते. त्यांच्या मते त्याला स्वतःचे, शिकवता येईल असे तंत्र नव्हते. दोनच वर्षांनी रिचमंड यांचे ‘सोशल डायग्नोसिस’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. माहिती कोणाकडून घ्यावी, ती कशी पडताळावी, निष्कर्ष कधी काढावा, हे त्यात पद्धतशीर मांडले होते.

पगाराचा मुद्दा थोडक्यात आटोपता येतो. बिनपगारी काम ज्याला परवडते तोच करू शकतो, म्हणजे हे क्षेत्र सुखवस्तूंपुरते उरेल. शिवाय एकेक प्रकरण महिनोन्‌महिने चालते; सवडीनुसार येणाऱ्यावर ते सोपवता येत नाही. पगार घेणाऱ्या डॉक्टरला आपण रुग्णसेवेबाहेर काढत नाही.

उरले ‘वाटप’. १९०५ मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये डॉ. रिचर्ड कॅबट यांनी समाजकार्य सुरू केले, ते औषधे लिहून देऊनही घरच्या परिस्थितीमुळे उपचार वाया जात असल्याचे दिसल्यामुळे. ॲडम्स यांनी शिकागोच्या गरीब वस्तीत उघडलेल्या हल हाउस या सेवाकेंद्रातील फ्लोरेन्स केली यांनी कामगारांच्या स्थितीची पाहणी केली, आणि १८९३ मध्ये इलिनॉय राज्यात बालमजुरीवर निर्बंध घालणारा कारखाना कायदा झाल्यावर त्याच पहिल्या मुख्य कारखाना निरीक्षक झाल्या. यात वाटप कुठे आहे?

जेन ॲडम्स समाजकार्य शिकल्या नव्हत्या, हे मात्र खरे. १८८९ मध्ये त्यांनी हल हाउस उघडले तेव्हा ते शिकवणारी शाळाच नव्हती. पुढे शिकागोत ती निघाली, तेव्हा तिच्या उभारणीत हल हाउसमध्येच राहून काम केलेल्या ज्युलिया लॅथ्रॉप यांचा हात होता. १९२० मध्ये ती शाळा शिकागो विद्यापीठात विलीन झाली.