चांद्रयान-३ 'अंधाऱ्या बाजूला' उतरलं नव्हतं हो

तो फॉरवर्ड परत फिरायला लागलाय, "चंद्राच्या ज्या बाजूला कधीच ऊन पडत नाही तिथे भारताने यान उतरवलं". अहो, ऊनच नसतं तर विक्रम (उतरणारं यान) आणि प्रज्ञान (त्यातून उतरून फिरणारी छोटी गाडी) चालले कशावर? दोघांनाही सोलर पॅनल होती, म्हणून तर 23 ऑगस्ट 2023 ला तिथली सकाळ गाठून लँडिंग केलं आणि पुढे रात्र होणार म्हणून सप्टेंबरच्या सुरुवातीला दोघांना झोपवलं.

उतरले ते साधारण 69 अंश दक्षिणेला, आपल्याकडे तोंड असलेल्याच बाजूवर. पलीकडच्या बाजूला पहिल्यांदा उतरलं ते चीनचं चांग-ई-४, जानेवारी 2019 मध्ये, आणि तिथून पृथ्वी दिसतच नाही त्यामुळे सिग्नलसाठी त्यांना वेगळा रिले उपग्रह ठेवावा लागला.

आता मूळ घोळ. चंद्र साधारण 27.3 दिवसात पृथ्वीभोवती फिरतो आणि तेवढ्याच वेळात स्वतःभोवती, म्हणून आपल्याला एकच बाजू दिसते. पण सूर्याला दोन्ही दिसतात ना! कुठेही जा, जवळपास 15 दिवस दिवस आणि 15 दिवस रात्र, अमावस्येला तर ती पलीकडची बाजूच पूर्ण उजळलेली असते, आपल्याला दिसत नाही एवढंच.

हां, ध्रुवांजवळच्या काही खोल विवरांच्या तळाशी खरंच ऊन पोचत नाही, बर्फ तिथेच शोधतायत. बहुतेक तेच कुणीतरी ऐकलं आणि अख्ख्या बाजूला चिकटवून दिलं.