पाच हेक्टरच्या आतली खाण

'छोट्या खाणींना पर्यावरण परवानगीची कटकट कशाला' असं एका लेखात वाचलं. लेखकाने हा मुद्दा आमच्या वाडीत येऊन मांडावा. इथे चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) चार खाणी आहेत, एकमेकींना बांधाला बांध लागून. कागदावर प्रत्येक छोटी, एकत्र धरल्या तर अख्खा सडा, म्हणजे वाडीच्या वरचं कातळाचं पठार, खरवडलाय. शेजारच्या काकूंच्या विहिरीला एप्रिलात पाणी असायचं, आता शिमग्यानंतर कळशी तळाला आपटते. खाणीमुळेच, असं छातीठोक सांगता येणार नाही. पण मोजलंय कुणी?

केंद्राच्या २००६ च्या पर्यावरण परवानगीच्या अधिसूचनेत खाणीसाठी ५ हेक्टरची मर्यादा होती, त्याखाली परवानगी लागत नसे. मग काय, मोठ्या खाणपट्ट्याचे तुकडे पाडायचे! २०१२ मध्ये दीपक कुमार खटल्यात सुप्रीम कोर्टाने ही पळवाट ओळखली आणि ५ हेक्टरखालच्या गौण खनिजांच्या (वाळू, दगड, चिरा वगैरे) खाणींनाही परवानगी लागेल असं सांगितलं. २०१६ पासून ५०० मीटरच्या आतले पट्टे एकत्र मोजायची तरतूदही आली. इमारतींचंही तेच: परवानगीची रेघ २०,००० चौरस मीटर बांधकामावर, म्हणून नकाशा १९,९०० चा (आमचे आर्किटेक्ट मेहुणे हसत सांगतात). रेघ हवीच, पण ती आकाराबरोबर जागाही बघून मारा. सड्यावरचा एक हेक्टर म्हणजे खालच्या वाडीचं पाणी.