उलट्या आट्यांची गाडी

आमच्या घरात वाटण्या झाल्या तेव्हा थोरल्या काकांना मळा मिळाला, धाकट्यांना रस्त्याकडेचे दोन गाळे मिळाले आणि आमच्या वडलांना निपाणीतली तंबाखूची वखार मिळाली, ‘आतील जिनसांसह’. जिनसा म्हणजे एक मोडका तराजू, गोणपाटाचा ढीग आणि त्या ढिगाखाली एक डॉज किंग्जवे. वाटणीच्या बैठकीत गाडीचं नाव कुणी काढलं नाही. नाव काढेल त्याच्याच गळ्यात पडणार, एवढी अक्कल तिघाही भावांना होती.

आजोबांनी 1953 साली तंबाखूला चांगला भाव मिळाला म्हणून ही घेतलेली. अमेरिकन म्हणायची ती खानदानाने. क्रायस्लरचा माल बोटीने यायचा आणि मुंबईत कुर्ल्याला वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कारखान्यात गाडी जोडली जायची. नाकावर बिल्ला कोणता लागतो त्यावर ती डॉज, प्लिमथ की डिसोटो ते ठरायचं. अंग एकच, आडनावं तीन. आमची मुंबई राज्यात जन्मली, 1 नोव्हेंबर 1956 ला म्हैसूर राज्यात गेली आणि 1973 ला कर्नाटकात. यातला एकही प्रवास तिने स्वतःच्या चाकांवर केलेला नाही. सीमाप्रश्नावर आमच्याकडे प्रत्येकाला ठाम मत आहे, पण बसल्या जागी तीन राज्यं बघितलेली घरात ही आणि आमची आत्या, अशा दोघीच.

वखार रिकामी करायची वेळ आली तेव्हा भंगारवाल्याने किलोचा दर सांगितला. आईने त्याला चहा न विचारता वाटेला लावलं. निपाणीत याहून मोठा अपमान नाही. मग गाडी चालू करण्यावाचून गत्यंतर राहिलं नाही.

पहिलं काम चाकं काढायचं. उजवीकडची दोन्ही चाकं कुरकुरत का होईना, निघाली. डावीकडची हलेनात. पान्यात पाइप घातला, पाइपवर पुतण्या लोंबकळला, मग शेजारच्या तालमीतला एक पैलवान बोलावला. त्याने लांग कसल्यासारखी पँट वर ओढली आणि पाइपवर उभा राहिला. कड्‌! टाळ्या पडल्या. बोल्ट अर्ध्यातून तुटला होता.

तेवढ्यात मेस्त्री आले. हे वयाने गाडीच्या आसपासचे. तरुणपण फार्गो ट्रकांखाली काढलेलं, आणि फार्गोही प्रीमियरचंच अपत्य, त्यामुळे त्यांना ही मंडळी ओळखीची. ते उकिडवे बसले, शेजारच्या बोल्टाचं डोकं रॉकेलच्या फडक्याने पुसलं आणि अंगठ्याचं नख टेकवलं. गंजाखालून बारीकसा इंग्रजी ‘एल’ वर आला.

“लेफ्टचे आटे हायती हे. तुम्ही मगाधरनं आवळाय लागलाय की वो!”

पैलवान पाइपवरून उतरला तो थेट घरी गेला.

डाव्या बाजूचं चाक पुढे फिरताना बोल्ट आपोआप ढिले पडतील, अशी क्रायस्लरच्या इंजिनिअरांना धास्ती. म्हणून डावीकडे उलटे आटे, म्हणजे नेहमी आवळतो त्या बाजूला फिरवलं की सुटणारे. जगातल्या बहुतेक गाड्या दोन्हीकडे सरळ आट्यांवर सुखाने फिरत होत्या, पण यांनी 1970 च्या सुमारापर्यंत हट्ट सोडला नाही. बोल्ट नवा करायला कोल्हापूरच्या उद्यमनगरात गेलो. लेथवाल्याने नमुना फिरवून बघितला, मग माझ्या डोक्याकडे बघितलं. तिथले आटे कुठल्या बाजूचे, असा त्याचा चेहरा होता.

इंजिन जाम होतं. साडेतीन लिटरच्या वरचं, सहा सिलिंडर एका ओळीत. झडपा हेडात नाहीत, खाली ब्लॉकात बाजूला. त्यामुळे हेड म्हणजे नुसता लोखंडाचा ठोकळा आणि त्यावर प्लगांची रांग. मेस्त्रींनी प्लग काढले, भोकांतून डिझेल आणि ऑइलचं मिश्रण ओतलं आणि “लोणच्यागत मुरू दे” असं सांगून गावी निघून गेले. मुरल्यावर पुढचा उपाय: टॉप गिअरमध्ये टाकायची आणि सगळ्यांनी मिळून मागे-पुढे झुलवायची. गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर असल्यामुळे ‘टॉपमध्ये टाक’ म्हटलं की आत बसलेला पुतण्या जमिनीवर काठी शोधायचा.

झुलवण्याच्या कामाला माणसं बोलवावी लागली नाहीत. बाजाराला निघालेली माणसं पिशव्या भिंतीला टेकवून हात लावायची आणि दोन झोक्यांनंतर सल्ला द्यायची. ‘पिकअपचं डिझेल इंजिन घाला की.’ ‘सीएनजी करून घ्या.’ एकाने तर तिच्यातून ज्यूस सेंटर काढायची योजना हिशेबासकट मांडली. मेस्त्रींनी पुलीवर खडूने रेघ मारून ठेवली होती. बऱ्याच संध्याकाळी ती होती तिथेच राहिली. मग एकदा ती बोटभर सरकली. आई पदराला हात पुसत बाहेर आली, रेघेला हळदकुंकू वाहिलं आणि रेघ पुसली गेली.

वायरिंगला संकेश्वरकडचा इलेक्ट्रिशियन आणला. ट्रॅक्टरच्या वायरींत त्याचा हात धरणारा कुणी नाही. त्याने बॉनेटमध्ये डोकं घातलं ते बराच वेळ बाहेर काढलंच नाही. मग म्हणाला, “उल्टा ऐत्रि!” बाकी गाड्यांत बॅटरीचा मायनस बॉडीला जोडतात, हिच्यात प्लस. त्यात सगळा कारभार सहा व्होल्टचा. त्याने मेस्त्रींकडे बघितलं, मेस्त्रींनी मान डोलावली आणि मग एक कानडीत, एक मराठीत, दोघांनी मिळून अमेरिकेला जे काही ऐकवलं त्याला दुभाषा लागला नाही.

कार्बोरेटर उघडून धुतला, पॉइंट घासले, ब्रेकची रबरं मापाने जुळवली. या कामांत सांगण्यासारखं काही नाही, फक्त बिलं आहेत.

पहिल्यांदा सुरू करायची त्या दिवशी गल्लीतला निम्मा गाव जमला. कार्बोरेटरात बुधल्याने पेट्रोल दिलं, स्टार्टर दाबला. गाडी आळोखेपिळोखे देत घुरघुरली, एक सिलिंडर पेटलं, मग दुसरं, आणि सायलेन्सरमधून तोफ उडाल्यासारखा आवाज झाला. उंदरांनी इतकी वर्षं त्या नळकांड्यात घरं केली होती आणि घरबांधणीला वखारीतला तंबाखू वापरला होता. उंदीर नव्हते, पण त्यांची सगळी इस्टेट कोरडी होऊन, बारीक होऊन, धुरासकट गल्लीवर आली. निपाणीचा तंबाखू तो. सगळी गल्ली शिंकायला लागली. मेस्त्री शिंकता शिंकता “टायमिंग बरोबर हाय!” म्हणून ओरडत होते. नारळ फोडायला आणलेले गुरुजी तो घेऊनच निघून गेले.

गाडी चालू झाली म्हणजे संपलं, असं ज्याला वाटत असेल त्याने आजच्या पेट्रोलचा वास घ्यावा. काही फेऱ्यांनंतर ती चढाला गचके देऊ लागली. मेस्त्रींनी पेट्रोल पंप खोलून आतला रबरी डायफ्राम काढला. तो फुगून, मऊ पडून, भिजलेल्या पापुद्र्यागत हाताला चिकटत होता. पेट्रोलात हल्ली वीस टक्के इथेनॉल असतं आणि ते जुन्या रबराला सोसत नाही. इथेनॉल येतं कुठून? उसातून. ऊस कुठला? आमच्या भागात जिकडे बघाल तिकडे आहेच, थोरल्या काकांच्या मळ्यात तर बांधापर्यंत आहे. म्हणजे काकांचा ऊस कारखान्यात जातो, तिथून टाकीत येतो आणि माझा डायफ्राम खातो. वाटणी कागदावर झाली, भाऊबंदकी अजून चालूच आहे. नवा डायफ्राम मागवला तो इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा. काकांना हे सांगितल्यावर त्यांनी उसाच्या थकलेल्या बिलाबद्दल सांगायला सुरुवात केली, म्हणून मीच उठलो.

राहिले कागद. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी केंद्राने 2021 साली वेगळे नियम केले. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं, आणि गाडी मूळ रूपातच हवी. ज्यूस सेंटर बाद झालं. शिवाय ती रोजच्या कामाला किंवा धंद्याला रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती आणि पेट्रोल भरणं, एवढ्यालाच मुभा. हे मी मेस्त्रींना वाचून दाखवलं. ते म्हणाले, “मग ह्यात बंदी कशाला घातल्यात? ही आणि दुसरं काय करती?”

मला मात्र तो नियम फार आवडला. गाडी सुरू झाल्यापासून तालुक्यातल्या प्रत्येक नवरदेवाचं आमच्याशी काही ना काही नातं निघत होतं. त्या सगळ्यांना मी कायदा दाखवून परत पाठवलं. शेवटी पुतण्याचंच ठरलं. त्यालाही तोच कागद वाचायला दिला. त्याने सगळा नीट वाचला, घडी घालून परत दिला.

“काका, पेट्रोल भरायला चालतंय न्हवं?”

“चालतं.”

“मग झालं की. कार्यालय पंपाला लागूनच बुक केलोय. वाजंत्री पुढं चालतील, आपण पेट्रोल भराय जायचं.”