नगरसेवक नसताना काय अडले?

पुणे महापालिकेत जवळजवळ चार वर्षांनी पुन्हा नगरसेवक आले, आणि त्याच सुमारास माझ्या एका शाळासोबत्याने मला लिहिले : "चार वर्षे प्रशासक होता, काय अडले? रस्ते झाले, पूल झाले, आणि टक्केवारी मागणारे मधले लोक नव्हते. तुमच्या अमेरिकेतही शहरे व्यवस्थापकच चालवतात." हा माणूस सरळ आहे, आयुष्यात त्याने कुणाचा पैसा बुडवलेला नाही, आणि तरीही हे वाक्य वाचून मला जो राग आला तो अजून गेलेला नाही. सुशिक्षित पुणेकरांच्या तोंडी हे मत आता इतके रुळले आहे की त्यात काही चूक असेल अशी शंकाही कुणाला येत नाही. त्यातून, त्यासाठी दाखला अमेरिकेचा.

अमेरिकेत अनेक शहरांना व्यवस्थापक असतो, हे खरे आहे. मिशिगन राज्यातल्या ज्या नोव्हाय या उपनगरात मी राहतो, तिथेही आहे. परंतु त्याला निवडून आलेली परिषद नेमते आणि तीच काढू शकते. परिषदच नाही आणि तिचे सर्व अधिकार आयुक्तांच्या हाती, या व्यवस्थेला इथे वेगळे नाव आहे : आणीबाणी-व्यवस्थापक. तिचा अनुभव माझी नोकरी ज्या शहरात आहे त्या डेट्रॉईटने घेतला आहे. पण तिथे जाण्यापूर्वी पैशाविषयी सांगितले पाहिजे, कारण मित्राचा सगळा युक्तिवाद पैशाच्या विनियोगावर उभा आहे.

मार्च २०२१मध्ये महासाथीतून सावरण्यासाठी अमेरिकेच्या संघराज्याने १.९ लाख कोटी डॉलरांचा कायदा केला, आणि त्यातील ३५० अब्ज डॉलर राज्ये, काउंट्या, शहरे आणि आदिवासी राष्ट्रांसाठी ठेवले. डेट्रॉईटच्या वाट्याला सुमारे ८२ कोटी ७० लाख आले. ही रक्कम कुणी वॉशिंग्टनला जाऊन 'खेचून' आणली नाही. लोकसंख्या, गरिबी, घरांचे वय, लोकसंख्यावाढीतील पीछेहाट, असे निकष असलेल्या जुन्या सूत्राने ती ठरली. मोठ्या शहरांचा पैसा राज्याच्या तिजोरीतून न जाता संघराज्याच्या खजिना विभागाकडून थेट शहराच्या खात्यात आला, निम्मा आधी आणि निम्मा वर्षभराने. माझ्या सुस्थितीतल्या उपनगराला त्या मानाने फारच थोडे मिळाले, आणि ते योग्यच झाले. चौकाचौकांत 'केंद्राकडून भरघोस निधी आणल्याबद्दल हार्दिक अभिनंदन' असे फलक लावण्याची सोयच त्यात राहिली नाही.

पैसा खात्यात आला म्हणून तो महापौरांचा झाला नाही. महापौर माइक डग्गन यांनी प्रस्ताव मांडला, वस्त्यावस्त्यांत बैठका झाल्या, आणि तरतुदींना नऊ सदस्यांच्या नगर परिषदेची मंजुरी घ्यावी लागली. परिषदेची बैठक मंगळवारी सकाळी भरते, आणि कुणीही नागरिक तिथे उभा राहून मिनिट-दोन मिनिटे बोलू शकतो. वृद्ध आणि अपंग घरमालकांच्या गळक्या छपरांच्या दुरुस्तीची योजना याच निधीतून झाली. छपराची गोष्ट कुणाला क्षुल्लक वाटेल. एट माईल या शहराच्या सीमेवरच्या रस्त्याच्या दक्षिणेला शंभर वर्षे जुन्या घरात एकटी राहणारी बाई पाहिली की ती क्षुल्लक वाटत नाही.

बंधनेही होती. हा पैसा कर्जफेडीला वापरायचा नाही, निवृत्तिवेतन निधीत एकरकमी भरायचा नाही, राखीव निधी म्हणून ठेवायचा नाही. ज्या शहरापुढे काही वर्षांतच जुन्या निवृत्तिवेतनाचे हप्ते पुन्हा सुरू होणार होते, त्याला हा मोह आवरणे सोपे नसणार. दर तिमाहीला प्रकल्पवार खर्चाचा अहवाल खजिना विभागाला द्यायचा, आणि अडीच लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांनी वार्षिक अहवाल लोकांना पाहता येईल असा प्रसिद्ध करायचा. ३१ डिसेंबर २०२४पर्यंत प्रत्येक डॉलर एखाद्या करारात बांधला गेला पाहिजे आणि २०२६ अखेर खर्च झाला पाहिजे, नाहीतर परत. मुदत जवळ आली तशी अनेक शहरांची धावपळ झाली, रेंगाळलेल्या कामांचा पैसा दुसरीकडे फिरवला गेला. पुण्यात त्याला वर्गीकरण म्हणतात, आणि वर्गीकरण हा प्रकार मला मुळात आक्षेपार्ह वाटत नाही. ते कुणासमोर होते आणि त्याला 'नाही' म्हणण्याचा अधिकार कुणाला आहे, एवढाच माझा प्रश्न आहे. डेट्रॉईटमध्ये शहराचा महालेखापरीक्षक परिषद नेमते, तीही दहा वर्षांसाठी, म्हणजे महापौर बदलला तरी तो जागेवर राहतो. आपल्या १९४९च्या महापालिका कायद्याने मुख्य लेखापरीक्षकाला गैरव्यवहार स्थायी समितीला कळवायला सांगितले आहे. स्थायी समितीचे अधिकारच प्रशासकाकडे असताना त्याने कुणाचा गैरव्यवहार कुणाला कळवायचा होता? ज्याने अंदाजपत्रक बनवले, त्यानेच ते मांडले आणि त्यानेच मंजूर केले, हे सलग काही वर्षे माझ्या शहरात घडले, आणि माझा मित्र विचारतो, काय अडले.

आता डेट्रॉईटच्या प्रशासकाविषयी. २०१२च्या नोव्हेंबरमध्ये मिशिगनच्या मतदारांनी आणीबाणी-व्यवस्थापकाचा, म्हणजे आर्थिक संकटातल्या शहरावर राज्याने नेमायच्या प्रशासकाचा, कायदा मतदानाने रद्द केला. डिसेंबरात विधिमंडळाने त्याच धर्तीचा नवा कायदा केला. मार्च २०१३मध्ये डेट्रॉईटचे आणीबाणी-व्यवस्थापक म्हणून केविन ऑर आले. जुलैत सुमारे १८ अब्ज डॉलरांच्या देण्यांसह शहराने दिवाळखोरी जाहीर केली. पुढच्या वर्षाच्या अखेरीस ते गेले तेव्हा सुमारे ७ अब्जांचे ओझे उतरलेले होते, आणि हे काम निवडून आलेल्यांना इतक्या वेगाने जमले नसते असे मानणारे लोक माझ्या कचेरीत आजही आहेत. मी त्यांना खोडून काढत नाही. परंतु २०१४च्या उन्हाळ्यात हजारो थकबाकीदार घरांचे पाणी तोडले गेले, इतके की संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी त्यावर जाहीर आक्षेप घेतला, आणि त्या घरांतल्या माणसांनी ज्याला मत दिले होते अशा कुणाच्याही हाती जुलै अखेरपर्यंत निर्णय नव्हता. त्या व्यवस्थेला निदान मुदत होती, दिवाळखोरीचे कारण होते, आणि वर न्यायाधीश होता. पुण्याच्या प्रशासकाला यांपैकी कशाची गरज पडली? पुणे दिवाळखोर नव्हते. निवडणुका झाल्या नाहीत, एवढेच.

मित्राचा भ्रष्टाचाराचा मुद्दा मी टाळत नाही. डेट्रॉईटचे एक माजी महापौर, क्वामे किलपॅट्रिक, यांना २०१३मध्ये २८ वर्षांची शिक्षा झाली. निधीचा पहिला हप्ता आला त्या २०२१ सालीच परिषदेच्या दोन सदस्यांना गुन्हेगारी खटल्यांमुळे पद सोडावे लागले. निवडून आलेले लोक चोऱ्या करतात. पण निवडून न आलेले करत नाहीत, हे कुठून आले? इथल्या नदीकाठाचे सुंदर काम करणाऱ्या विश्वस्त संस्थेच्या वित्तप्रमुखाने वर्षानुवर्षे ४ कोटी डॉलरांहून अधिक रक्कम हडप केल्याची कबुली २०२४मध्ये दिली. संचालक मंडळावर नामवंत मंडळी होती. मला ते प्रकरण वाचताना आपली स्मार्ट सिटी कंपनी आठवली. तिथे चोरी झाली असे मी म्हणत नाही, पण औंध-बाणेर-बालेवाडीचे निर्णय नगरसेवकांच्या मुख्य सभेतून कंपनीच्या संचालक मंडळात गेले तेव्हाही आपल्या वर्गाने 'आता व्यावसायिक पद्धतीने काम होईल' म्हणून आनंदच मानला होता.

आणि अडले कसे नाही? पंधराव्या वित्त आयोगाचे अनुदान निवडून आलेल्या स्थानिक संस्थांसाठी होते. निवडणुका लांबल्या तसा महाराष्ट्रातील संस्थांचा हा निधी अडकला. जुलै २०२४मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत रात्री पाणी शिरले, तेव्हा दार ठोठवावे असा प्रभागातला अधिकृत माणूसच नव्हता. माजी नगरसेवक धावले असतील, पण माजी माणसाला अधिकाऱ्याकडून उत्तर मागण्याचा हक्क नसतो.

याला मित्राचे उत्तर मला ठाऊक आहे : तू कोण सांगणारा? हा प्रश्न मला लागतो, कारण त्याला माझ्याकडे नीट उत्तर नाही. मी डेट्रॉईटला १.२ टक्के शहर-आयकर देतो, तिथे मला मत नाही. आईवडिलांच्या सहकारनगरमधल्या सदनिकेचा मिळकतकर दर वर्षी इथून भरतो, पण नागरिकत्व बदलल्यापासून तिथेही मत नाही. मत आहे ते नोव्हायमध्ये, जिथे बर्फ वेळेवर उचलला जातो आणि मला भांडावेसे काही वाटत नाही. मायदेश सोडलेल्या माणसाला दुसऱ्याच्या शहराचे हिशेब तपासायची हौस असते, असे कुणी म्हणेल. परंतु मत नसणे म्हणजे काय हे मी रोज जगतो. ती स्थिती मी स्वतः निवडली. तीस-पस्तीस लाख पुणेकरांवर ती लादली गेली आणि त्यांतल्या शिकलेल्यांनी तिचे कौतुक केले, याचे मला दुःख होते. मी तिथे असतो तर कदाचित मीही ते केले असते, हा विचार त्या रागाच्या तळाशी आहे.

मित्राला मी एवढेच लिहिले आहे : तू तिथला मतदार आहेस. मार्च २०२२पासूनचे प्रत्येक वर्गीकरण, प्रत्येक मुदतवाढ आणि एकच निविदा येऊनही दिलेले प्रत्येक काम, प्रभागवार, मुख्य सभेपुढे ठेवावे, अशी मागणी तुझ्या प्रभागातल्या चारही नगरसेवकांकडे लेखी कर, आणि पत्राची पोच घे.