चार तासांचं काम द्या की कुणीतरी!

सांगलीत अर्ध्या दिवसाचं काम मागायला गेलं की समोरचा आधी डिग्री वाचतो, मग हसतो. "मॅडम, तुम्ही एमएस्सी, वर प्राध्यापकीची सेट परीक्षा पास. आमच्याकडं टिकणार नाही ओ!" अहो, टिकायचं की नाही ते माझं मी बघते ना!

विश्रामबागेतल्या क्लासवाल्याला मी संध्याकाळीच हवी, म्हणजे नेमकी पोरं घरी असताना. मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेबाला माणूस पाहिजे होतं. दुपारी निघते म्हटलं, तर म्हणे पगार अर्धा, काम तेवढंच. कुपवाड एमआयडीसीत पार्टटाइम म्हणजे आठ तासच, फक्त पीएफ नाही!

कॉलेजात तासिका तत्त्वावर जावं, तर घेतलेल्या तासाचेच पैसे. पेपर तपासा, प्रॅक्टिकलची तयारी करा, ते सगळं धर्मादाय. मे महिन्यात शून्य. आणि बिल निघणार कधी? विचारायचं नाही.

वर नातेवाईक आहेतच, "एवढी शिकलीस आणि घरीच?"

ओळखीच्या एकीनं बायोडेटात फक्त बारावी लिहिली. लागली की लगेच! आता मालकाच्या मुलाला फुकटात केमिस्ट्री पण शिकवते.